घड दिसला पाहिजे

ऐंशीच्या दशकात जळगावच्या निम्म्या बाजारपेठेला माझा आवाज पाठ होता आणि चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. सुरतेला, इंदूरला, मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर तो आमच्या बोर्डावरूनच जायचा. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि उजव्या हातात वायरची पिन. आठ तास तेच. एखाद्या दुकानात गेलो तर गल्ल्यावरचा माणूस वर बघायचाही नाही. पण मी "दोन मीटर पांढरं पॉपलीन द्या" म्हटलं की तो ताडकन उठायचा. "तुम्ही ट्रंकवाले साहेब ना?" मग चहा यायचा. मला याचा भलताच गर्व होता. देवानं बाकी काही धड दिलं नसलं तरी गळा दिलाय, असं मी स्वतःला रोज सांगायचो.

या गळ्याच्या जोरावर मी आमच्या हौशी नाटकमंडळात शिरलो आणि दुसऱ्याच वर्षी नायक झालो. मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा जण. आमचे दिग्दर्शक एका हायस्कुलात गणित शिकवायचे, म्हणून ते सर. माझा जोडीदार कापडाच्या दुकानातला. त्याचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तो जळगावातच जन्मला होता आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचा. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. दर हिवाळ्यात धुळ्याला नाट्यस्पर्धा असायची. आम्ही सेटचं सामान टेम्पोत टाकून, त्यावरच बसून जायचो. आमच्या नाटकात मी उजवीकडे उभा राहून बोलायचो, शेठ डावीकडे उभा राहून बोलायचा आणि मधल्या जागेत एक टीपॉय असायचा. नाटक म्हणजे एवढंच, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

एका वर्षी निकालानंतर परीक्षकांपैकी एका वयस्कर गृहस्थांना मी मुद्दाम गाठलं. अभिनयाचं बक्षीस मला का नाही, हे मला विचारायचं होतं. राग तेव्हा माझ्या नाकावरच मुक्कामाला असायचा. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुमचा आवाज ऐकायला मी पुढच्या वर्षी नक्की येईन. फक्त डोळे मिटून बसेन."

परतताना टेम्पोत शेठ थेट पारोळ्यापर्यंत माझ्याकडे तोंड करून, डोळे मिटून बसला. एरंडोलला मी उतरून पायी घरी जायला निघालो होतो. लोकांनी शर्ट धरून मला पुन्हा आत ओढलं.

सरांनी मात्र ते वाक्य मनावर घेतलं. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या बऱ्याच आधी, श्रावणातच, त्यांनी एका बाईंना बोलावून आणलं. बाईंचं सासर धुळ्याचं आणि शिक्षण बडोद्याचं. तिथं त्या नाट्यशास्त्र शिकल्या होत्या, आणि त्यातही नटानं शरीर कसं वापरायचं, जागा कशी वापरायची, हा त्यांचा खास विषय. धुळ्यात तो विषय कुणाला नको होता, म्हणून त्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या धुळ्याहून निघायच्या आणि आम्ही आंघोळी उरकून येण्याआधी जळगावच्या कडेच्या पिंप्राळ्यात पोचलेल्या असायच्या. तिथल्या एका कॉलनीचं सभागृह आम्हाला सकाळचं मिळालं होतं. शहाबादी फरशी, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम घसा साफ करून गेलो होतो. बाई म्हणाल्या, "आज कुणी बोलायचं नाही. चाला."

"कसं?" सरांनीच विचारलं.

"रोज चालता तसं."

यात काय अवघड, असं वाटेल. पण "रोजच्यासारखं चाला" म्हटल्याबरोबर एकालाही चालता येईना. शेठचा तर उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे यायला लागला. त्याच्या ते लक्षात आलं, त्यानं दुरुस्त केलं, तर डाव्याचं तसंच झालं. सर गणिताचे, त्यामुळे ते भिंतीला समांतर चालत होते. मी छाती काढून, हनुवटी उचलून नायकासारखा चाललो. बाईंनी आम्हाला अर्धा तास चालवलं आणि मग एकेकाला पुढं घेतलं.

माझा एक शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. त्या माझ्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "बसून करायचं काम आहे. उजव्या हाताचं. पुढे काहीतरी खुपसायचं असतं का?"

मी पिनेचं सांगितलं.

"वाटलंच. तुमचा उजवा हात एकटाच नोकरीला आहे. बाकीचं शरीर रजेवर."

सगळे हसले. मी घरी जाऊन आरशासमोर मागच्या वर्षीचा संवाद म्हणून पाहिला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा उजवा हात पुढं जाऊन हवेत पिन खुपसत होता. तीन अंकी नाटक मी सगळं ट्रंक बोर्डावरच केलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. शेठचंही तसंच निघालं. भावना दाटून आली की तो दोन्ही हात लांब पसरायचा. आम्हाला ती व्याकुळता वाटायची. ते कापडाचं ठाण उलगडणं होतं.

पुढच्या रविवारी बाईंनी खडूनं फरशीवर रंगमंचाएवढा चौकोन आखला. "ही परात आहे," त्या म्हणाल्या, "आणि ती मधोमध एका खुंटीवर ठेवली आहे. सगळे एका बाजूला गेलात तर कलंडेल. आता फिरा." एक जण पुढे आला की कुणीतरी मागे जायचं, कुणी कोपऱ्यात थांबला तर समोरचा कोपरा दुसऱ्यानं भरायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पहिल्या दिवशी आमची परात इतक्यांदा कलंडली की बाईंनी मोजणं सोडून दिलं. मी मध्यभागी ठाण मांडून उभा होतो. मी नायक, मी का हलू?

"मधे उभा राहणारा माणूस सगळ्यांना कामाला लावतो," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली. दोन दिवसांनी कळलं की नव्हती.

पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक गंमत झाली. आम्ही फिरत होतो आणि माझ्या पाठीमागे शेठ डावीकडे सरकला, ते मला कळलं. पाहिलं नव्हतं, तरी कळलं. माझे पाय आपोआप उजवीकडे गेले. सर थांबले, तर कोपऱ्यातली नटी हळूच पुढं आली. पाच-सात मिनिटं बारा माणसं एका परातीत फिरत राहिली आणि परात हलली नाही. फिरणारा पंखासुद्धा ऐकू येत होता. बाईंनी टाळी वाजवून थांबवलं तेव्हा आम्ही उगाचच हसत सुटलो, सरही हसत होते. एवढा आनंद मला पाठ केलेल्या कुठल्याही वाक्यानं तोवर दिला नव्हता. त्या दिवसापासून मी बाईंच्या नावानं नाक मुरडणं बंद केलं, निदान त्यांच्या समोर तरी.

मग आमची भीड चेपली. कधी नाक पुढं काढून चाला, कधी गुडघे, कधी पोट. आम्ही तो अभ्यास घरी नेला, म्हणजे पिंप्राळ्याच्या रस्त्यावर. शेठ आणि मी पोट पुढं काढून कॉलनीतून चाललो होतो, तर एका स्कूटरवाल्या काकांनी ब्रेक मारला आणि काळजीनं विचारलं, "दोघांचंही दुखतंय का? एकाच ठिकाणी जेवलात का?" आम्ही हो म्हणालो. त्यांनी ओवा आणि सैंधव घ्यायला सांगितलं.

बाईंनी आमचा सगळ्यात जुना नियमही मोडला. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे आम्ही बाळकडूसारखं प्यालेलो होतो. बाईंनी एक अख्खी सकाळ आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पाठीनं रागवा, पाठीनं वाट बघा, पाठीनं थकून या. माझी पाठ म्हणजे पाटी, कोरी. शेठची मात्र भयंकर बोलकी निघाली. मला त्याचा हेवा वाटला.

दसऱ्याला तीन आठवडे उरले असताना सरांनी नाटकाचं वाचन ठेवलं. त्यांनी ते स्वतःच लिहिलं होतं. एका छोट्या स्टेशनावर केळीचे वॅगन भरले जातायत. मुकादम, व्यापारी, स्टेशनमास्तर, भांडणं, गडबड. आणि एक हमाल, दिवसभर घड वाहणारा. शेवटी वॅगनची दारं बंद होतात, गाडी सुटते, सगळे निघून जातात आणि हमाल खांद्यावर शेवटचा घड घेऊन तसाच राहतो. तो घड खाली ठेवतो आणि त्याच्या शेजारी बसतो. पडदा.

मुकादमाचे संवाद खणखणीत होते. मी मनातल्या मनात म्हणायला सुरुवातही केली होती. सर म्हणाले, "मुकादम शेठ करेल. हमाल तू."

मी पानं उलटी-सुलटी केली. "सर, हमालाला वाक्य नाही."

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. दुसऱ्या अंकभर तू रंगमंचावर आहेस."

माझं डोकं फिरलं. मी वही आपटली, चपला घातल्या आणि आवाज असलेल्या माणसाला मुकं करायचं असेल तर मंडळात म्हशी आणा, असं काहीतरी बोलून बाहेर पडलो. बाई जिन्यात बसून बूट बांधत होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "मीच सुचवलं त्यांना. तुम्हाला चिडताना बघितलं ना, म्हणून. चिडलात की तुम्ही पायापासून चिडता. तेवढ्यापुरतं सगळं शरीर रजेवरून परत येतं."

मी परत वर गेलो. खोटं कशाला बोलू, मुकादमाची भूमिका मिळते का बघायलाच गेलो होतो. सरांनी अट घातली. घड खरा आणायचा नाही, रंगमंचावर काहीच नसेल. बाईंचं म्हणणं होतं की खरा घड आणला तर लोक घड बघतील, माणूस बघणार नाहीत. "पण तो दिसला पाहिजे," सर म्हणाले. "नाही दिसला, तर शेवटी एक माणूस रिकाम्या जागेजवळ उगाच बसलेला दिसेल आणि लोक हसतील. सगळं नाटक तिथं संपेल. दसऱ्यापर्यंत तुला घड दाखवता आला तर ठीक, नाहीतर मुकादम दुसऱ्याला देऊ आणि हमाल शेठ करेल."

शेठच्या बोलक्या पाठीची आठवण होऊन मला घाम फुटला. परीक्षकांचे मिटलेले डोळेही आठवले. माझ्याकडे बघण्यासारखं काही आहे का, एवढा एकच प्रश्न आता उरला होता आणि त्याला उत्तर द्यायला आवाज उपयोगाचा नव्हता.

मी तालमीत घड उचलायला लागलो. पाठ वाकवली, पाय ओढले, कपाळावरचा घाम पुसला, सुस्कारे सोडले. बाई सभागृहाच्या मागच्या टोकाला खुर्ची टाकून बसायच्या. मी दोन पावलं टाकली की त्या म्हणायच्या, "गेला." म्हणजे घड नाहीसा झाला. पुन्हा उचलायचा. पुन्हा दोन पावलं. "गेला." एका सकाळी मी तो घड चाळीसएक वेळा उचलला आणि चाळीसही वेळा तो गेला. शेवटी बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

"यावलजवळ."

"घरी काय पिकतं?"

घरी केळीच होती. आमच्या घरात तीन पिढ्या केळीच होती. थोरल्या भावानं शाळा सोडून बाग सांभाळली आणि मला शिकवलं. लहानपणी मी किडकिडीत म्हणून कुणी मला घडाला हात लावू दिला नाही, आणि मोठा झाल्यावर मी शर्टाला डाग पडतील म्हणून लावला नाही. हे बाईंना सांगताना मला खरोखर लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी बाईंची परवानगी घेऊन भुसावळमार्गे गावी गेलो. भाऊ बागेत होता, कटाई चालू होती. ट्रक बांधालाच लागला होता आणि माणसं बागेतून घड खांद्यावर घेऊन थेट ट्रकपाशी जात होती. मी भावाला सगळं सांगितलं. नाटकातलं ऐकून त्यानं मला आधी त्याच्यासमोर चालून दाखवायला सांगितलं. मी वाकलो, पाय ओढले, सुस्कारा सोडला. घड वाहणारी माणसं घड खांद्यावर ठेवूनच उभी राहून बघायला लागली.

"हे काय रे," भाऊ म्हणाला, "तू केयीचा घड नेतो का मढं नेतो?"

माणसं इतकी हसली की भावाला त्यांना कामाला लावायला ओरडावं लागलं. मग त्यानं माझ्या खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवली आणि एक ताजा घड चढवला. गुडघे एकदम मऊ झाले. दांडा हातात घट्ट धरून मी माझ्या रुबाबात, सावकाश निघालो.

"आरं, रेंगायू नको," भाऊ मागून म्हणाला. "वजन अंगावर आलं का माणूस रेंगायत न्ही, पयतो. थांबला का घड डबल होतो. तुले कोन सांगलं, जड म्हंजे हळू?"

खरंच होतं ते. मी पाय उचलले तसं वजन सोसायला लागलं. ती सगळी माणसं जवळजवळ धावतच होती. पावलं आखूड, पण झपाझप. गुडघे जरा वाकलेलेच, त्यामुळे घड वर-खाली होत नव्हता. मान घडापासून दूर झुकलेली, नजर पुढच्या जमिनीवर, मोकळा हात अंगापासून लांब, वल्ह्यासारखा. एकानंही कपाळ पुसलं नाही. एक हात दांड्यावर, दुसरा तोल सांभाळण्यात. बोलायचं तर एका श्वासात दोन शब्द. आणि ट्रकवरच्या माणसानं घड उचलून घेतला की पहिली दोन पावलं जमिनीला लागायचीच नाहीत. अंग एकदम वर यायचं, जणू कुणी मागून काखेत हात घालून उचललंय.

मी सात खेपा केल्या. आठवीला भावानं हात जोडले. वहिनी माझा शर्ट बघून म्हणाली, "भाऊजी, हा चीक काही आता निंघत न्ही. हेच घालून नाटक करा." शर्टावर चिकाचे काळे डाग पडले होते, खांद्यापासून पोटापर्यंत. मी तोच घालून एसटीनं परत आलो आणि उभ्यानं आलो, कारण खांदा सीटच्या पाठीला टेकवत नव्हता. सोमवारी बोर्डावर बसल्यावर उजवा हात वर जाईना. शेजारच्या ऑपरेटरला वाटलं मी मारामारी केली. त्याला माझा स्वभाव माहीत होता.

खरी शिकवणी त्यानंतर सुरू झाली. शरीराला एकदा जे कळलं ते पुन्हा पुन्हा बोलावून आणायचं होतं. बाईंनी कॉलनीच्या गणपतीची जाडजूड सतरंजी गुंडाळून माझ्या खांद्यावर दिली. दहा फेऱ्या सतरंजी घेऊन, मग अकरावी फेरी सतरंजीशिवाय, पण गुडघे, मान, मोकळा हात तसेच. "वजन खांद्यात नसतं," बाई म्हणायच्या, "ते तळपायात असतं. तिथं शोधा." मी तळपायात शोधलं. पाच पावलं. "गेला." नऊ पावलं. "गेला." मग रंगमंचाची जागाही मोजली. रिकाम्या माणसाला वाट देताना लोक थोडेच सरकतात, पण घड घेतलेल्याला जास्त जागा लागते. घडाचं टोक मागं राहतं, तो वळताना मोठा फेर घेतो. हे इतर नटांनाही शिकावं लागलं. शेठ मुकादम म्हणून ओरडत मागं सरकायचा आणि बरोबर माझ्या घडातून आरपार जायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी त्याला सर्वांसमोर झापलं. त्यानं मागं वळून माझ्या खांद्यावरच्या हवेकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफ कर, दिसला नाही." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "आता दिसला."

दसऱ्याच्या आदल्या तालमीला मी एका विंगेतून दुसऱ्या विंगेत गेलो. बाई काही बोलल्या नाहीत. मी परत आलो. तरीही नाही. मला वाटलं त्यांना डुलकी लागली. वळून पाहिलं तर त्या टक लावून माझ्या खांद्याकडे पाहत होत्या. सरांनी वहीत काहीतरी खोडलं. शेठ मुकादमच राहिला.

धुळ्याच्या नाट्यगृहाचा रंगमंच आमच्या खडूच्या चौकोनापेक्षा लांब निघाला. आधी असं झालं असतं तर आम्ही टीपॉय थोडा मोठा आणला असता. आता आम्ही दुपारी पडदा उघडून त्या मंचावर अर्धा तास नुसते फिरलो, परात सांभाळत. प्रयोग संध्याकाळी होता. मागच्या वर्षीचे परीक्षक या वर्षी नव्हते. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मला त्यांचे डोळे उघडे बघायचे होते. प्रेक्षागृह भरलं होतं, तालुक्यांतूनही बरेच लोक आले होते, कुणी पागोटं घालून, कुणी सदऱ्याच्या बाह्या दुमडून.

दुसरा अंक सुरू झाला. मी घड वाहिले. किती ते आठवत नाही. लोक शेठच्या मुकादमाला हसत होते आणि मी त्यांच्यामधून झपाझप ये-जा करत होतो. मोठा फेर घेऊन वळत होतो, घड विंगेत दिल्यावर हलका होत होतो. कुणी माझ्याकडे बघतंय की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. आवाज असता तर कळलं असतं. आवाजाला लोक खोकून तरी उत्तर देतात. मग गाडीची शिटी झाली, चाकांचा आवाज दूर गेला, एकेक जण निघून गेला. त्या लांबच लांब रंगमंचावर मी एकटा राहिलो. पाठ प्रेक्षकांकडे, घड खांद्यावर, नजर गेलेल्या गाडीकडे. बाईंनी सांगितलं होतं तेवढे श्वास मी मोजले. वळलो. गुडघे वाकवले, एका हातानं दांडा धरला, दुसरा फण्यांखाली घातला आणि घड सावकाश मंचाच्या फळ्यांवर ठेवला.

तेवढ्यात अंधारातून, सहाव्या-सातव्या रांगेतून, एक भरदार आवाज आला. "आरे भो, खाले पानं टाक ना. बठ्ठा माल काया पडी जाई."

सभागृहात खसखस पिकली. माझी कानशिलं तापली. मला वाटलं कुणीतरी टवाळी करतंय, आणि सर म्हणाले होते तसंच झालं, लोक हसले, नाटक संपलं. क्षणभर मी उठून त्याला चार शब्द सुनवणार होतो. तळपायांपासून चिडलो होतो. आणि त्याच तळपायांनी मला तो काय म्हणाला ते सांगितलं.

घड उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. आधी केळीची वाळलेली पानं अंथरतात, त्यावर ठेवतात, नाहीतर फणी खरचटते आणि केळी काळी पडते. आमच्या बागेतलं लहान पोरही ते जाणतं. मी गेलो त्या दिवशी ट्रक बांधालाच होता, एकही घड खाली ठेवला गेला नव्हता, म्हणून मी ते पाहिलं नव्हतं. सरांना, शेठला, बाईंना माहीत असायचं कारण नव्हतं. तीन पिढ्यांच्या केळीवाल्या घरातल्या माझ्यासारख्या शहाण्यालाच माहीत असायला हवं होतं.

मी पुन्हा वाकलो. दांडा धरला, घड पुन्हा खांद्यावर घेतला. हात अडकलेले, म्हणून मी पायानं पानं ओढली. इकडची थोडी, तिकडची थोडी, पायानंच सारखी केली. मग घड त्यांच्यावर उतरवला, अगदी हळू, आणि वर राहिलेली एक फणी जरा फिरवून नीट बसवली. प्रेक्षागृह इतकं शांत झालं होतं की माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

"हां, आस्सं," तोच आवाज हलकेच म्हणाला.

मी घडाच्या शेजारी बसलो. दिवे गेले. टाळ्यांना थोडा वेळ लागला, पण आल्या तेव्हा बराच वेळ थांबल्या नाहीत. विंगेत बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदमच चाललं होतं. सर घड्याळ बघून म्हणाले, शेवट ठरल्यापेक्षा लांबला. मग त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि मला मिठी मारली. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाला मिठी मारल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि ती मारायची कशी हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

आम्ही रंग पुसत होतो तेव्हा एक मध्यमवयीन शेतकरी दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. त्याचा आवाज मी लगेच ओळखला, तो माझा धंदाच होता.

"माफ कर भो," तो म्हणाला, "मना तोंडमाईन निंघी गयं. शिरपूरकडे मना केयीना बाग शे. डोयासमोर माल खाले ठेवाय रायना, मंग रायवनं नई."

मी म्हणालो, माल उघड्यावर ठेवला ही चूक माझीच, तुम्हाला राहवलं नाही ते बरंच झालं. तो जायला वळला, पुन्हा थांबला, जरा संकोचला.

"एक इचारू का? तो शेवटला घड कितला किलोना व्हता?"

शेठनं तोंडावरचा रंग पुसणं थांबवलं. मी विचार केला. भावानं दिला होता त्याच्या अंदाजानं म्हणालो, "पंधरा असेल."

त्यानं मान हलवली. "नई भो. मनं ध्यान तुना गुडघाकडेच व्हतं. अठरा तरी व्हताच."

मी वाद घातला नाही. घड त्यानं पाहिला होता.